विसावा कोयता

"ताई, उचल कुठल्या बाजूला लिहू?"

पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न, आणि विचारणारी कुशावर्ता. मी फळ्यावर उभी रेघ मारून डावीकडं जमा आणि उजवीकडं खर्च-देणं असं लिहिलं होतं. सतरा बायका आमच्या ओट्यावर मांडी घालून, नवीन वह्या उघडून बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत मागच्या दोघीतिघींनी सांगूनही टाकलं की जमालाच लिही, हातात पैसा येतोय म्हणल्यावर जमाच. बघता बघता सगळ्यांनी लिहिलं. कुणी तीस हजार, कुणी पस्तीस.

मी वैतागले. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात बारावी पास झाल्याची मिजास. मी फळ्यावर डस्टर आपटलं.

"उचल जमा नाही," मी म्हणाले. "उचल म्हणजे देणं. दसऱ्याच्या आधी मुकादम पैसे देतो आणि सहा महिने ऊस तोडून तुम्ही ते फेडता. शेजारणीकडून उसनं आणलेलं पीठ कुणी आपल्या डब्यातलं म्हणून मोजतं का?"

शेवंता म्हणाली, भाकरी खाल्ली की पीठ आपलंच. ओटा हसला, मीही हसले. कुशावर्ता तेवढी हसली नाही. तिनं शेजारणीकडून खोडरबर घेतला, डावीकडचे तीस हजार घासून घासून पुसले आणि उजवीकडं लिहिले. मग डावीकडच्या रिकाम्या जागेकडं बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, मग हिकडं काय लिहू, हिकडं काहीच राहत न्हाई.

हिशोबाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या कुंटे मॅडमनी आम्हा शिकवणाऱ्या बायकांना पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यात याचं उत्तर नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं, वाढ्याचे पैसे लिही. ऊस तोडला की शेंड्याचं हिरवं उरतं ते वाढं. बायका त्याच्या पेंढ्या बांधून तिकडच्या गवळ्यांना विकतात. दिवसाला पाच-दहा रुपये सुटतात, पण मुकादमाच्या वहीत ते धरलेले नसतात. ते बाईचे स्वतःचे. कुशावर्तानं मान खाली घालून लिहिलं, ‘वाढ्याचे.’ पुढं आकडा लिहायच्या आधी तिनं इकडंतिकडं बघून घेतलं.

मी म्हणाले, खरं लिहा, सगळं लिहा. ही वही मी आणि मॅडम सोडून कुणी बघणार नाही.

याला आता एकवीस वर्षं झाली. मी पद्मिन, तेव्हा तेवीस वर्षांची, आणि रंगनाथ मुकादमाची सून. म्हणजे या बायकांच्या घरांना उचल देणारा माणूस माझा सासरा, त्यांना हिशोब शिकवणारी मी, आणि वर्ग भरायचा तो सासऱ्याच्याच ओट्यावर. आज सांगताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा.

वाटायला कारणंही होती. तालुक्याच्या संस्थेला वाडीत शिकलेली बाई हवी होती, महिना सहाशे रुपये मानधन. माझा नवरा उद्धव म्हणाला, घरात पाच महिन्यांची लेक आहे, काही नको. मामा म्हणाले, करू दे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. गाव त्यांना तात्या म्हणायचं. नुसतं करू दे म्हणाले नाहीत, तर ओटा सारवून घेतला, फळ्यासाठी भिंतीत खिळे मारून दिले, आणि बायका यायला कचरत होत्या तेव्हा दोनचार घरी स्वतः जाऊन सांगून आले की पोरीचा वर्ग आहे, पाठवा. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. उचल मागायला येणाऱ्यालाही आधी पाणी, मग चहा, मग बोलणं.

सोमवारी दुपारी वर्ग सुटला की मामा ओट्यावर येऊन टेकत. त्यांना आकडे वाचता येत आणि सही करता येई, अक्षराशी त्यांचं जमलं नव्हतं. म्हणत, काय लिहिलं बायांनी, वाच जरा. वह्या माझ्याकडंच असायच्या, पत्र्याच्या पेटीत. कारण बायकांची घरं गळायची आणि नवरे वहीची पानं बिडी पेटवायला फाडायचे. मी एकेक वही काढून वाचायची. मामा डोळे मिटून ऐकत. मध्येच विचारत, शेवंताचं कानातलं अजून गहाणच आहे का. किंवा, दगडूच्या घरचं औषधपाणी थांबलं का. मला वाटायचं, केवढी काळजी करतात सगळ्यांची. मग म्हणायचे, "तुझ्या हाताखाली बाया शहाण्या व्हायलेत बघ."

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मला कुणी बरं म्हणलं नव्हतं. भाजी खारट झाली तर बोलायचे, चांगली झाली तर गप जेवायचे. त्यामुळं मामांनी असं म्हणलं की मी पुढची वही आणखी मोठ्यानं वाचायची. घरातल्या माणसाला वाचून दाखवणं म्हणजे कुणाला तरी दाखवणं, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

कुशावर्ताची वही सगळ्यांत नीट. ती माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, वाळलेली, बोलायला कमी. चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या घरी तीन माणसं. ती, नवरा सोपान आणि मुलगी दैवशाला. मुलगी आठवीत, तेरा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेले की ती शाळेच्या वसतिगृहात राहायची, तिथं जेवायची, आणि वर्गात पहिल्या तिघांत असायची. आदल्या हंगामात उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना सोपान पडला आणि त्याची कंबर गेली. कशीबशी ओढत त्यांनी मोसम संपवला, पण उचल फिटली नाही. एकोणीस हजार अंगावर राहिले.

आता इथं एक सांगावं लागेल. आमच्या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही. मुकादम कोयते मोजतो, उचलही कोयत्याला मिळते. बाकी अंगावर ठेवून हंगामात घरी बसायची आमच्याकडं सोय नाही. मुकादम दारात येऊन बसतो आणि गाव त्याच्या बाजूनं बोलतं. सोपान तर खाटेवरून उठताना भिंत धरत होता. मग कुशावर्ताच्या अर्ध्या कोयत्याला दुसरा अर्धा कोण, हे सांगायला नको.

तिनं मला ते एकदाच सांगितलं, विहिरीवर.

"दसऱ्याच्या आत एकोणीस फेडले तर मी हितंच राहीन ताई. रोजानं जाईन. न्हाई तर दैवशाला माझ्यासंगट येईल. एकदा कोयता हातात आला की वही सुटती. माझी बी अशीच सुटली."

मी म्हणाले, फिटेल. आपण हिशोबानं फेडू. मी अगदी आपण असं म्हणाले.

ज्येष्ठात तिनं दोन शेळ्या विकल्या, वाढ्याचे साठवलेले त्यात घातले आणि आठ हजार घेऊन ओट्यावर आली. मामांनी मोजले आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. मुकादम पावती देत नाही, कुणी मागतही नाही. पण मला तर मॅडमनी शिकवलं होतं, पैसा दिला की त्याच जागी लिहायचं. मी पळत जाऊन वही आणली. कुशावर्तानं लिहिलं, मुकादमास दिले आठ हजार, बाकी अकरा हजार. खाली मी तारीख घालून पूर्ण नावानं सही केली. मामा हसले, म्हणाले बरं केलंस. मला त्या दिवशी भाकर गोड लागली.

पुढचे चार महिने मी त्या बाईला बघत होते. खुरपणीला, निंदणीला, जिथं रोज मिळेल तिथं ती. वहीत रोजचा खर्च लिहिताना तिला दिसलं की घरात दिवसाला नऊ रुपयांचा चहा होतो, तर तिनं चहाच बंद केला. सोपान आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. मग कालवड विकली. अंडी घरात खायची बंद झाली. दैवशाला सुट्टीच्या दिवशी आईबरोबर खुरपायला जायची आणि तिचे पैसेही वहीत वेगळे लिहिलेले असायचे, तिच्याच वळणदार अक्षरात. गणपतीत नऊ हजार झाले. घटस्थापनेच्या आधी अकरा हजार पुरे झाले, पिठाच्या डब्यात, फडक्यात बांधून.

तेही मी मामांना वाचून दाखवलं.

मामांनी डोळे उघडले. विचारलं, कधी देणार म्हणती. मी म्हणाले, या आठवड्यात. ते उठून गेले, आणि मी वह्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

दसरा सहा दिवसांवर होता तेव्हा एका दुपारी मामांनी मला बाहेर बोलावलं. लेक माझ्या मांडीवर होती. ते समोरच्या खांबाला टेकून बसले आणि सुपारी कातरत बोलायला लागले, नेहमीच्या आवाजात. त्यांनी साखर कारखान्याच्या वाहतूकदाराकडून वीस कोयत्यांची रक्कम उचलली होती, आमच्या वाडीचे आणि शेजारच्या तांड्याचे मिळून. तारण म्हणून ट्रॅक्टर लिहून दिला होता आणि तीन एकर रानही. हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, गावाला उचल देणारा माणूस म्हणजे त्याच्याकडं ढीग असणार. तो ढीगही उचलच होती.

"आज मोजले तर एकोणीस भरायलेत," मामा म्हणाले.

मी म्हणाले, एक मिळेल की कुठं तरी.

"कुठून मिळंल? तुझ्या वहीवाल्या दोन घरांनी यंदा फेडून टाकलं. चांगलं झालं, मी न्हाई म्हणालो का त्यांना? आता तिसरं घर निघालं." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "वीस भरले न्हाईत तर ट्रॅक्टर जातो. विसावा कुणाचा तरी लिहावाच लागंल. तुझा न् उद्धवचा लिहू का?"

धमकी दिल्यासारखं काही नव्हतं त्यात. चहा घेणार का विचारावं तसं विचारलं. मी लेकीकडं बघितलं. लग्नाच्या वर्षी मी उद्धवच्या ट्रॅक्टरवरून दोनदा उसाच्या फडावर गेले होते. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, खाली पोतं टाकून निजवलेली लेकरं बघितली होती, थंडीनं निळी पडलेली, आणि आई चार सऱ्या पलीकडं वाकलेली.

मामा उठले. जाता जाता म्हणाले, "कुशावर्ता म्हणंल ज्येष्ठात आठ हजार दिले. मला काही आठवत न्हाई. उद्या ती येईल. तुझ्या वहीत सही असली तर सगळ्यांदेखत वाचून दाखव. तू म्हणशील ते मला मान्य."

मी तिथंच बसून राहिले. सहा महिन्यांत त्यांनी विचारलेला एकेक प्रश्न मला आठवायला लागला. कुणाचं कानातलं सुटलं, कुणाचं आजारपण संपलं, कुणाच्या डब्यात किती. मी बायकांचा संसार वाचत होते आणि ते बसल्या जागी कोयते मोजत होते. पैसा त्यांना नकोच होता. कुशावर्तानं आणखी आठ हजार आणून टाकले असते तरी ते आणखी काहीतरी विसरले असते. त्यांना माणसं हवी होती, आणि कुठलं माणूस सुटायला आलंय ते मी त्यांना दर सोमवारी मोठ्यानं सांगत होते. माझा मलाच इतका संताप आला की मी कपाळावर हात मारून घेतला आणि लेक दचकून रडायला लागली.

उद्धव ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले नाहीत, वर बघितलं नाही. म्हणाला, ट्रॅक्टर बापाचा आहे, मी काय बोलू. मग म्हणाला, "लग्नाआधी दोन हंगाम तोडलाय मी ऊस. मला परत फडात जायचं न्हाई, पद्मिन." एवढं सरळ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्याचाही मला राग आला आणि कीवही आली.

मग मी लेकीला कडेवर घेऊन फाट्यावर गेले. तिथल्या टपरीतून मॅडमच्या ऑफिसला फोन लावला. मॅडम पुण्याला, दसऱ्यानंतर येणार. फोनवरच्या मुलानं अदबीनं विचारलं, काही निरोप द्यायचा का. काय निरोप देणार होते मी? ठेवला फोन. माहेरी जावं तर बाप दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत, त्याचीच निघायची तयारी चाललेली. फाट्यावरून चारही दिशांना रस्ते जातात आणि मी परत वाडीच्याच रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर सातआठ माणसं होती, उचल न्यायला आलेली. कुशावर्ता आली ती धुतलेलं लुगडं नेसून. मागं दैवशाला, शाळेच्या कपड्यांत, दोन वेण्या घातलेली. पैसे मोजून द्यायला आईनं तिला आणलं होतं. मुलीनं फडकं सोडलं, नोटांच्या अकरा गड्ड्या वेगवेगळ्या ठेवल्या आणि प्रत्येकीवर बोट ठेवून मोठ्यानं मोजल्या. बसलेली माणसं कौतुकानं बघत होती.

मामांनीही मोजल्या. म्हणाले, अकरा आले. राहिले आठ.

कुशावर्ता हसली. म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्याला हसतात तसं. म्हणाली, आठ तर ज्येष्ठात दिले की तात्या, हितंच, या ओट्यावर बसून.

"दिले असशील बाई," मामा म्हणाले. "माझं वय झालं. मला कुणाचा एक रुपाया बुडवायचा न्हाई. पद्मिनकडं वही हाय. तिनं सही केली असंल तर माझे आठ हजार पोचले. हे सगळ्यांदेखत सांगतो."

माणसांनी माना डोलावल्या. कुणी तरी म्हणालं, याच्यापरीस सरळ काय असतंय. कुशावर्ताचा चेहरा एकदम सैल पडला.

"मग मिटलंच," ती म्हणाली. "ताई, काढा वही."

मी आत गेले. पेटीचं कुलूप काढलं. तिची वही वरच होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, त्यावर दैवशालानं आईचं नाव लिहिलेलं. मी आतच उभ्या उभ्या ते पान काढलं. मुकादमास दिले आठ हजार, बाकी अकरा हजार. खाली तारीख आणि खाली मी. पूर्ण नाव, बापाच्या जागी नवऱ्याचं लावलेलं, निळ्या शाईत. पाळण्यात लेक जागी झाली होती आणि पाय मारत होती. बाहेर उद्धव ट्रॅक्टरजवळ उभा होता, खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. मी किती वेळ तिथं उभी होते ते आठवत नाही. बाहेरून मामांचा आवाज आला, सापडली का पोरी.

मी वही घेऊन ओट्यावर आले. पान माझ्याकडं करून धरलं.

"नोंद आहे," मी म्हणाले. "सही नाही."

मामा हळू आवाजात म्हणाले, नोंद तर काय, कुणी बी करतंय. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हेही सांगायला हवं. दमलेला होता.

दैवशाला पायरीवर उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि मग वहीकडं. ती एक पायरी वर आली.

"दाखवा ना ताई, बघू," ती म्हणाली.

मी हललेच नाही. वही माझ्या छातीशी, आणि त्या पोरीचा हात पुढं आलेला. एवढ्यात कुशावर्तानं तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं.

"गप. ताई खोटं बोलतील का?"

या एकवीस वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय, कुशावर्तानं पोरीला ओढलं नसतं तर मी वही दिली असती. ते खरं नाही. मी दिली नसती. लेक आत रडायला लागली म्हणून मी वळून घरात गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांत जास्त लाज मला त्या सुटल्यासारखं वाटण्याची वाटते.

दुपारी सगळी निजल्यावर मी ते पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि परसात उकिरड्यावर टाकून वरून राख लोटली. पुढच्या तीनचार दिवसांत कुशावर्ता आठ हजारांसाठी कुठं कुठं जाऊन आली ते मला कळत होतं. पण गावात पैसे देणारे सगळे मुकादमच, आणि एकाच्या टोळीतलं माणूस दुसरा सोडवत नाही. दैवशाला पुन्हा शाळेत गेली नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं काही चांगलं होईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. वर्ग मात्र आणखी चार वर्षं चालला. मला संस्थेकडून शाल आणि नारळ मिळाला. मामांनी तो नारळ देवापुढं फोडला आणि ओटाभर खोबरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी निघाली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, बाजा, चुली, कोंबड्या, म्हाताऱ्या, लेकरं. माणसं चढत होती. मी लेकीला घेऊन ओट्यावर उभी होते, कारण मुकादमाच्या घरच्या बाईनं निघताना बायकांना हळदीकुंकू लावायची आमच्याकडं पद्धत आहे.

कुशावर्ता शेवटी आली. दैवशालाच्या वेण्या आता डोक्याला बांधलेल्या फडक्यात गेल्या होत्या. काखेत नवा कोयता, मूठ अजून पांढरी. मी आधी आईला कुंकू लावलं, मग तिला. तिनं कपाळ पुढं केलं पण डोळे वर केले नाहीत. मला वाटलं, हिला कळलंय. आईला नाही, हिला कळलंय. आणि ही कुणाला सांगणार नाही, कारण सांगून ऐकणार कोण आहे?

आई तिला म्हणाली, ताईंच्या पाया पड. ती पडली.

कुशावर्ता जायला वळली, मग परत आली. माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता आणि गरम होता.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "चूक माझीच. त्या दिवशी घाईत मीच सहीला वही पुढं केली नसंल. तुम्ही किती बजावलं होतं. अडाणी माणूस, काय करता."

मला तिथं सांगता आलं असतं. पान फाडलं होतं तरी तोंड होतं. मामा दहा हातांवर उभे होते, उद्धव ट्रॅक्टरवर बसलेला होता, लेक माझ्या खांद्यावर झोपली होती.

"असू दे," मी म्हणाले.

ती समजुतीनं हसली. म्हणजे तिनंच मला माफ केलं. मग मायलेकी जाऊन मागच्या ट्रॉलीत चढल्या. आधी पोरगी चढली आणि तिनं आईला हात दिला.

मामा ट्रॉलीच्या कडेनं चालत बोटानं मोजत होते. एकेका जोडप्यावर बोट, एकेक आकडा. सतरा, अठरा, एकोणीस. शेवटी त्यांनी कुशावर्ता आणि दैवशाला दोघींकडं मिळून एकच बोट केलं आणि उद्धवला म्हणाले, वीस, चल.

त्यांच्याबरोबर मीही मनात मोजत होते. बेरीज बरोबर होती.